खर्जाच्या चार जोड्या

दादाने माझ्यासाठी ल्यूट बनवलं ते दहा जोड्यांचं, आणि मी मागितलं होतं आठ जोड्यांचं. यावरून तो असतानाच आमची जुंपली होती.

"आठ सगळ्यांना पुरतात," मी म्हणाले.

"पुरत असतील," कानशीचा हात न थांबवता तो म्हणाला.

"मग जास्तीच्या दोन कोण वाजवणार?"

"तूच, ठमे. माझ्या जागी बदली माणूस ठेवतोय असं समज."

दादाचं निम्मं बोलणं असंच असायचं. अर्थ लावत बसलं तर दिवस पुरायचा नाही. मी चहा संपवला आणि घरी गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. दुपारी जेवून वर्कशॉपमध्ये आला, सरस गरम करायला ठेवला आणि स्टुलावर बसल्या बसल्या गेला. पुढच्या दुकानातल्या सायकलवाल्याला जळका वास आला म्हणून तो मागे डोकावला. ल्यूट तोवर पुरं झालेलं होतं. तारा चढवून, सुरात लावून ते बाकावर फडक्याखाली ठेवलेलं होतं. फक्त माझ्या हातात पडायचं राहिलं होतं.

ल्यूट म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत नसतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही, म्हणून थोडक्यात सांगते. मधोमध कापलेल्या नासपतीसारखं पोट, मागे मोडलेली मान आणि जोडीजोडीने लावलेल्या तारा. पहिली तार एकटीच असते, पण मोजताना तिलाही जोडी म्हणतात. ल्यूटवाले बाकी प्रत्येक गोष्टीवरून भांडतात, यावरून भांडत नाहीत. वरच्या सहा जोड्यांवर डाव्या हाताची बोटं फिरतात. त्यांच्याखाली आणखी जोड्या असल्या तर त्या खर्जाच्या. त्यांना अंगठ्याने नुसतं छेडायचं. खर्जाच्या प्रत्येक जोडीत एक जाड तार आणि एक बारीक. जाड तार खालचा सूर धरते आणि बारीक तोच सूर वरच्या सप्तकात.

मी वाजवते ते रेनेसान्स काळातलं संगीत, चार-पाचशे वर्षांपूर्वीचं. त्यातलं बहुतेक सगळं सहा जोड्यांसाठी लिहिलेलं आहे. कधी सात, कधी आठ. म्हणजे दादाच्या ल्यूटवर खालच्या चार जोड्यांना जवळजवळ कामच नव्हतं.

वर्कशॉप महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं. वहिनी पोहायला शिकवते, त्यामुळे तिचं साधं बोलणंही दुसऱ्या काठापर्यंत पोचतं. ती फडकं बाजूला करून म्हणाली, "वाजवणार असशील तर आजच घेऊन जा. पण भिंतीला टांगणार असशील तर नाही देणार. टांगलेलं वाद्य बघून तो कसा तडकायचा, माहितीये ना तुला?"

माहीत होतं. कोणाकडे शोभेला लावलेलं वाद्य दिसलं की दादा यजमानांच्या देखत ते खाली काढायचा आणि सुरात लावून त्यांच्या मांडीवर ठेवायचा. आम्हाला कोणाच्या घरी फारशी बोलावणी येत नसत.

"मी आपली वरच्या सहा वाजवीन," मी म्हणाले.

"आणि या चार नुसत्या बसून राहणार? मग त्याने केल्या कशाला?" वहिनीने फडकं परत घातलं. "ते मफलरवाले दोनदा विचारून गेलेत. म्हटलं, पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी या. तोवर हे घरी ने. या चारींजोगं काही सापडलं तर तुझं. नाहीतर त्यांचं."

मफलरवाला म्हणजे आमच्या शहरातला सगळ्यात चांगला ल्यूटवादक. ऊन असो, थंडी असो, गळ्याला मफलर. त्याला मी मनात बरीच नावं ठेवलेली आहेत, पण वाजवतो चांगलं हे कबूल करावं लागतं. त्याच्याकडे हे ल्यूट सुखात राहिलं असतं. तरी ते जाऊ नये एवढं मला कळत होतं. दादाच्या हातचं माझ्याकडे काहीच नव्हतं. सख्खा भाऊ ल्यूट बनवतो आणि बहीण बाजारातलं स्वस्त ल्यूट वाजवते, यावर लोक हसायचे. दादा म्हणायचा, "थांब, तुझं सगळ्यात शेवटी करणार. हात चांगला बसल्यावर."

कळत होतं म्हणाले, वाटत होतं म्हणाले नाही. मला काहीच वाटत नव्हतं. दात काढताना इंजेक्शन देतात तेव्हा ओठ असतो, चावला तर रक्त येईल हेही माहीत असतं, पण तो आपला वाटत नाही. तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. दादा गेल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. लोक म्हणायचे, किती धीराची. धीर कसला, डोंबल. धीर धरायला आधी काहीतरी सुटायला लागतं.

मी कान तपासायच्या दवाखान्यात काम करते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि हातात बटण द्यायचं. "आवाज आला की दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा." मग मी काचेबाहेर बसून एकेक सूर सोडते, आधी मोठा, मग लहान लहान करत. काही लोक आवाज न येताच बटण दाबतात. लबाडी नसते ती. त्यांना नापास व्हायचं नसतं, एवढंच. चेहऱ्यावरून लगेच ओळखू येतं, जरा जास्तच आज्ञाधारक दिसतात.

दादाचं कळल्यावर लोक भेटायला आले तेव्हा मीही तेच केलं. मान हलवायच्या जागी हलवली, डोळ्यांना रुमाल लावायच्या जागी लावला. एकदा दवाखाना बंद करायच्या वेळी मी स्वतःच त्या खोलीत बसले आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, जरा माझी चाचणी घ्या. त्यांनी घेतली. कान उत्तम होते. "तुला काय धाड भरलीये," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांच्या पोरीचे कान आहेत."

तर शोध सुरू केला. घरातली सगळी कपाटं उपसली. ल्यूटचं लिखाण सहा रेघांवर असतं, एका जोडीला एक रेघ, आणि बोट कुठे ठेवायचं ते अक्षराने सांगतात. खर्जाच्या जास्तीच्या जोड्यांना रेघच नाही. त्या रेघांच्या खाली लिहितात, अक्षराला तिरक्या काट्या मारून. मी ल्यूट मांडीवर घेऊन संगीत वाचत नव्हतेच, नुसत्या काट्या शोधत होते. पानं उलटत होते आणि रेघांखाली सगळं मोकळं मैदान. कुठे एखादी काटी दिसली की मी थांबायचे, तर ती सातव्या जोडीची निघायची, तीही शेवटच्या एका सुरापुरती. पुढच्या काळात खालच्या तारा चिक्कार झाल्या, पण तोवर वरच्या तारा लावायची पद्धतच बदलली. ते संगीत वेगळं, ते हात वेगळे. मला हवा होता तो मधला चिंचोळा पट्टा, रेनेसान्स संपता संपताचा. माझ्या कपाटात त्यातलं काहीसुद्धा नव्हतं.

शेवटी मी सरळ मफलरवाल्याला फोन लावला. कोडगेपणाची हद्दच म्हणायची.

"दहा जोड्यांसाठीचं रेनेसान्सचं काही आहे का तुमच्याकडे?"

मी कशासाठी मागतेय हे त्याला न कळायला तो काही खुळा नव्हता.

"आहे ना," तो म्हणाला. "भरपूर आहे. पाठवतो."

दुसऱ्या दिवशी जाडजूड पाकीट आलं. नाचाच्या चाली होत्या, संथ प्रस्तावना होत्या आणि एका राजवाड्यातल्या शोकप्रसंगासाठीची लांबलचक रचना होती. जिथे अंगठा चुकायची शक्यता, तिथे त्याने पेन्सिलीने खुणा करून दिल्या होत्या. माणसाने इतकंही चांगलं असू नये, समोरच्याला धड रागावता येत नाही.

मग अंगठ्याचा आणि माझा झगडा. आठव्या जोडीवर जायचं तर तो नवव्या जोडीवर पडायचा, दहावीला हात घालायचा तर हवेतच फिरून यायचा. अंधारात जिना उतरताना पायरी संपली की अजून आहे, अशी गत. पण अंगठे शिकतात. दवाखान्यातून यायचं, हात धुवायचे आणि बसायचं. दुसरा आठवडा निम्मा सरला तेव्हा नाचाच्या चाली चांगल्या बसल्या होत्या आणि शोकाची रचनाही अडखळत का होईना पार पडत होती. खालच्या चारही जोड्यांना काम मिळालं होतं. वहिनीची अट पुरी झाली होती.

आणि मी आवाज न येताच बटण दाबत होते.

सगळं बरोबर होतं. सूर बरोबर, लय बरोबर, थांबवायच्या तारा वेळेवर थांबवत होते. ती शोकाची रचना तर अशी की ऐकणाऱ्याने उठून खिडकीशी जावं. मी वाजवून संपवायचे आणि उद्या दवाखान्यात कापूस मागवायचा आहे हे आठवायचं. दादाच्या हातचं वाद्य मांडीवर होतं, त्याचं पोट माझ्या पोटाला टेकलेलं होतं, आणि मला कापूस आठवत होता.

रविवारी मी ल्यूट घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. मनाशी ठरवूनच गेले होते. वहिनीने निम्मं सामान खोक्यांत भरलं होतं. साचे एकात एक घालून ठेवले होते, रंधे वर्तमानपत्रात गुंडाळले होते. सरसाचं जळकं भांडं तेवढं तिने धुतलं नव्हतं आणि टाकलंही नव्हतं. मफलरवाला आपली रिकामी पेटी घेऊन आला आणि दारातच घुटमळला. वहिनीने त्याला "या, या, पाण्यात उतरायचं नाहीये" असं म्हणून आत घेतलं.

त्याने वाजवलं. माझ्या घरी ज्या चाली बसल्या होत्या त्याच, पण त्याच्याकडे त्या उभ्या राहिल्या. खालच्या जोड्या अशा घुमल्या की खोक्यातले चिमटे किणकिणले. मी ऐकत होते. चांगलं आहे, हे मला कळत होतं.

"देऊन टाक त्यांना," मी वहिनीला म्हणाले.

"का? काही सापडलं नाही?"

"सापडलं. चांगलं आहे. पण मी वाजवते म्हणजे नुसती बोटं हलवते. हे त्यांच्याकडे जाऊ दे."

मफलरवाला पेटीच्या कड्या उघडायच्या निमित्ताने खाली वाकून बसला.

"बरं," वहिनी म्हणाली. "पण बांधायच्या आधी तुझं ते नेहमीचं वाजव. या खोलीत शेवटचं."

"ते सहा जोड्यांचं आहे, वहिनी. या चार नुसत्या बसतील."

"बसू देत घटकाभर."

माझं नेहमीचं म्हणजे एक जुनं गाणं, चार आवाजांत म्हणायचं, कोणीतरी त्या काळी ल्यूटवर बसवलेलं. अठराव्या वर्षी कागदावरून शिकले ते आजवर वाजवते आहे. दर शनिवारी या खोलीत यायचे, दादा काम करायचा आणि मी सरावाला सुरुवात याच गाण्याने करायचे. माझ्याकडे ल्यूट शिकायला विद्यार्थी आले की त्यांनाही हेच शिकवायचे. त्यात एक जागा आहे. खर्ज पायरी पायरीने उतरत सहाव्या जोडीवर येतो आणि तिथून एकदम वर उडी घेतो, पुढचे चार सूर वरच्या सप्तकात. मी विद्यार्थ्यांना तिथे थांबवायचे. म्हणायचे, बघा, जमिनीकडे जाता जाता इथे रचनाकाराने मान वर करून आकाशाकडे पाहिलंय. विद्यार्थी पेन्सिलीने त्या जागी लिहून घ्यायचे, आकाश.

आणि नेमका त्याच जागी दादा घुमायचा. इतर वेळी तोंडातून ब्र नाही, पण ती जागा आली की खालच्या पट्टीत, जड खुर्ची सरकवल्यासारखं, हूं, हूं, हूं, हूं. सगळ्या आकाशाची माती. "दादा, बेसूर!" मी ओरडायचे. "चालू दे तुझं," तो म्हणायचा. पुढच्या शनिवारी परत हूं.

मी वाजवायला लागले. हाताला रस्ता पाठ होता. खर्ज उतरत सहाव्या जोडीवर आला, सवयीने वर उडाला, आणि खोक्यांच्या मागून वहिनीने, तिच्या त्या तलावाच्या काठावरच्या आवाजात, हूं, हूं, हूं, हूं केलं.

मी थांबले. वहिनी ओशाळली. "असंच करायचा ना तो? माझ्या तोंडून आपोआप निघालं."

"पुन्हा म्हणता का?" मफलरवाला खालूनच म्हणाला.

"मला कुठे गाता येतं आता."

"म्हणा ना."

तिने पुन्हा म्हटले ते चार सूर, या वेळी जरा नीट. एकाखाली एक, चार पायऱ्या.

"बरोबर आहे ते," तो म्हणाला.

"काय बरोबर आहे?" मी म्हणाले.

"मूळ गाण्यात सगळ्यात खालचा आवाज असाच जातो. खाली उतरतच राहतो. ज्याने ल्यूटवर बसवलं त्याच्याकडे सहाच जोड्या होत्या. तारा संपल्या, म्हणून ते चार सूर उचलून वर ठेवले बिचाऱ्याने. तेव्हा सगळेच ठेवायचे."

"म्हणजे ते आकाश वगैरे..."

"कसलं आकाश?"

"काही नाही."

वहिनी खोक्यावर टेकली होती. "गायनमंडळात म्हणायचो आम्ही हे गाणं. लग्नाच्या आधी. मी वरच्या आवाजात होते आणि हा माझ्या मागे उभा राहून तेच म्हणायचा, हूं हूं. सगळं गाणं विसरला, तेवढं राहिलं."

दादा गायनमंडळात जायचा हे मला माहीत होतं. काय गायचा ते मी कधी विचारलं नव्हतं. तो घुमतो म्हणजे घुमतो, असंच धरून चालले होते. आणि गेले दोन आठवडे मी जगभरचं संगीत पालथं घातलं, ते सगळं लिहिलेल्या काट्या शोधत. सहा जोड्यांचं म्हणून जे पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं, त्यात हे सगळ्यात वर होतं.

चार सूर खाली. चार जोड्या. आठ जोड्या असत्या तर दोन पायऱ्या उतरून पुन्हा उडी मारावी लागली असती.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. खर्ज उतरत आला. सहाव्या जोडीवर हात वर जायला निघाला, त्याला मी खाली दाबून धरलं आणि अंगठा सातव्या जोडीवर नेला. दोन आठवडे त्याला दुसऱ्याच गाण्यांसाठी राबवलं होतं, पण वाट त्याला ठाऊक झाली होती. सात. आठ. नऊ. प्रत्येक जोडीतली बारीक तार मी इतकी वर्षं वाजवलेला सूर वाजवत होती आणि जाड तार त्याच्याखाली दादाचा. दोन्ही एकदम. मग दहावी. तिचा आवाज कानात यायच्या आधी ल्यूटच्या पोटातून माझ्या पोटात आला. आणि सवयीने माझं तोंड उघडलं.

"दादा, बे—"

सूर अगदी बरोबर होता. आणि ओरडायला समोर कोणी नव्हतं. स्टूल होतं, त्याच्यावर खोकं होतं. बदली माणूस ठेवतोय, म्हणाला होता. मी चहा पिऊन निघून गेले होते.

मग मी रडले. धीरगंभीर वगैरे नाही, चांगलं भोकाड पसरून, नाक वाहेपर्यंत. खालची जाड तार आपणहून लवकर थांबत नाही, हात ठेवून थांबवावी लागते, आणि विद्यार्थ्यांनी ते विसरलं की मी रागावते. मी हात ठेवला नाही. ती वाजत राहिली, नंतर तिचं तिनेच संपवलं.

मफलरवाला उठला. त्याने गळ्यातला मफलर काढला (मी त्याचा गळा पहिल्यांदाच पाहिला, अगदी साधा गळा होता) आणि माझ्यापुढे धरला. "तारांवर पडू देऊ नका," तो म्हणाला. "ओल लागली की उतरतात." मग त्याने पेटीच्या कड्या एकेक करून परत लावल्या आणि रिकामी पेटी उचलली.

"अहो, चहा तरी घ्या," वहिनी म्हणाली.

"नको. पाकीट असू दे त्यांच्याकडे," तो म्हणाला. "ती शोकाची रचना आता वाजवून बघा म्हणावं." दारातून बाहेर पडताना पेटी सायकलवाल्याच्या चाकांना लागली, तेव्हा त्याने सायकलवाल्याची माफी मागितल्याचं ऐकू आलं.

वहिनीने सरसाचं जळकं भांडं खोक्यातून काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. तिचेही डोळे लाल झाले होते, पण आवाज काठावरचाच होता.

"मधेच थांबलीस," ती म्हणाली. "पुढचं वाजव."

मी नाक पुसलं, मफलर मांडीवर ठेवला आणि पुढचं वाजवलं.